जुनी वॅगनआर घ्यावी की नाही?

इंदूरमधील एका मराठी शिक्षकाच्या घरी गेल्या हिवाळ्यात चारचाकीचा विषय निघाला, तो हौसेपोटी नव्हे. वडिलांचे वय ७९. मूत्रपिंडे थकल्यामुळे आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहाटे जाताना ओळखीचा रिक्षावाला येतो. अडचण परतीची असते. चार तास यंत्राला जोडलेले शरीर बाहेर येते तेव्हा त्यात फाटकापर्यंत चालण्याइतकेच त्राण उरलेले असते. मोबाईलवर मागवलेली टॅक्सी कधी दहा मिनिटांत येते, कधी चालक आयत्या वेळी फेरी रद्द करतो. एका दुपारी रक्तदाब उतरून ते रुग्णालयाबाहेरच्या कट्ट्यावर बसले आणि पाऊण तास तिथेच बसून राहिले. त्या रात्री मुलाने वही काढली.

वहीतील जमेची बाजू लहान होती. बचत खात्यात दीड लाख रुपये आणि चार लाखांची एक मुदत ठेव. ही ठेव वडिलांच्या आजारपणासाठी राखून ठेवलेली. तिला हात लावायचा नाही, असा घरातला अलिखित करार. शिक्षक खासगी शाळेत, वय ५२, निवृत्तीला सहा वर्षे. अशा घराने गाडी घ्यावी का, घ्यावी तर जुनी की नवी, आणि जुनी तर कोणती, हे प्रश्न देशभरच्या असंख्य घरांत विचारले जातात. बहुतेक ठिकाणी त्यांची उत्तरे शेजारी, मेहुणे आणि दलाल यांच्या सांगण्यावरून ठरतात. या घराने ती वहीत शोधली, म्हणून त्यांची हकीकत सांगण्याजोगी आहे.

वॅगनआरच का?

गाडीचे नाव ठरायला मात्र वेळ लागला नाही. वडिलांनी नातेवाइकांच्या तीन-चार गाड्यांत बसून पाहिले होते. बहुतेक लहान गाड्यांत बसायचे म्हणजे आधी वाकायचे, मग अंग आत लोटायचे. उतरताना हाच खटाटोप उलट क्रमाने. वॅगनआरचे आसन खुर्चीच्या उंचीवर असते. २०१९ पासूनच्या गाडीची उंची १६७५ मिलिमीटर आहे आणि लांबी अवघी ३६५५ मिलिमीटर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती खाली बसल्यासारखी वाटत नाही आणि गल्लीतील चालकाला ती मोठी वाटत नाही. या एका गुणावर या गाडीने भारतात पंचवीस वर्षे काढली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

मारुतीने ही गाडी डिसेंबर १९९९ मध्ये भारतात आणली. पहिल्या पिढीत १०६१ सीसीचे इंजिन होते. २०१० मध्ये दुसरी पिढी आली आणि तिच्याबरोबर ९९८ सीसीचे, के-मालिकेतील तीन सिलिंडरचे इंजिन. जानेवारी २०१९ मध्ये तिसरी पिढी आली. ती अधिक रुंद, डिकी ३४१ लिटरची, आणि इंजिनांचे पर्याय दोन: एक लिटर आणि १.२ लिटर. मे २०२३ पर्यंत या गाडीची एकूण विक्री तीस लाखांवर पोहोचली होती. या आकड्याचा जुनी गाडी घेणाऱ्याला थेट उपयोग आहे. जी गाडी इतकी खपली तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, तिचे इंजिन उघडलेला मेकॅनिक सर्वत्र सापडतो आणि पुढे ती विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. उलट बाजूही आहे. मागणी कायम असल्यामुळे तिची किंमत पटकन उतरत नाही आणि 'लोकप्रिय गाडी' या शब्दांखाली वाईट गाडीही खपून जाते.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट सांगितली पाहिजे. धडक-चाचणीत या गाडीची कामगिरी अभिमानाची नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१९ मध्ये तिला पाचपैकी दोन तारे दिले आणि नियम अधिक कडक केल्यानंतर, २०२३ मध्ये, प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकच. शहरातील चौदा किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी गाडी घेणाऱ्याने हे समजून घेऊन निर्णय करावा. दर आठवड्याला महामार्गावर शंभरच्या वेगाने जाणाऱ्याने दुसरी गाडी पाहावी.

तीन गाड्या

पहिली गाडी भिंतीपलीकडची. शेजारच्या निवृत्त गृहस्थांची २०१२ ची वॅगनआर, एकाच हाताने चालवलेली, दीड लाखाला. वडिलांचे मन तिच्यावरच बसले होते.

"अरे, त्या गाडीला काय झालंय? दर रविवारी धुतात तिला. आणि मागतायत किती? दीड लाख. ठेव मोडायलाच नको," ते म्हणाले.

"बाबा, तिला एअरबॅग नाही, एबीएस नाही," मुलगा म्हणाला.

"मला रुग्णालयात जायचंय, शर्यतीत नाही!"

वडिलांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. प्रामाणिक माणसाने वापरलेली, जिचा प्रत्येक ओरखडा आपल्याला ठाऊक आहे अशी गाडी ही मोठीच जमा बाजू. अनोळखी माणसाची चकचकीत गाडी आणि ओळखीच्या माणसाची मळकी गाडी यांत दुसरी घ्यावी, असे जुने मेकॅनिक सांगतात. परंतु या गाडीच्या वयाचा हिशेब वेगळा होता. खासगी गाडीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०२७ मध्ये तिची मुदत संपणार, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागणार. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५००० रुपये झाले आहे. त्यात राज्याचा हरित कर आणि तपासणीत उत्तीर्ण होण्यासाठीची डागडुजी मिळवायची. नूतनीकरण करून गाडी चालवता येते, त्यात बेकायदा काही नाही. मात्र दीड लाखाची गाडी दीड लाखाची राहत नाही. एअरबॅगचा मुद्दा होताच. एबीएस सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून आणि चालकासाठीची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारची गाडी त्यापूर्वीची आणि साध्या प्रकारातली.

दुसरी गाडी नाशिकची. आतेभावाने फोनवरून सुचवली. २०१९ ची, एक लिटरची, अवघी ३८ हजार किलोमीटर चाललेली आणि किंमत तीन लाख चाळीस हजार. इंदूरच्या भावापेक्षा ती बरीच उतरती होती आणि मुंबई-आग्रा महामार्गाने एका दिवसात घरी आणता येणार होती. आतेभावाने उत्साहाने टोकन देण्याचीही तयारी दाखवली. शिक्षकाने फक्त आरसीचा फोटो मागवला आणि वाहन क्रमांकावरून परिवहन खात्याच्या संगणकीय नोंदी पाहिल्या. एका वित्तसंस्थेचा कर्जबोजा गाडीवर तसाच होता. विक्रेत्याचे म्हणणे असे की कर्ज केव्हाच फिटले, नोंद तेवढी काढायची राहिली. असे घडू शकते. पण मग वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ या दोन गोष्टी त्याच्या हाती असायला हव्या होत्या, आणि त्या नव्हत्या.

खरा उलगडा पुढे झाला. अधिकृत सेवाकेंद्रात प्रत्येक भेटीला गाडीचे किलोमीटर नोंदले जातात. आतेभाव विक्रेत्याला घेऊन तिथे गेला आणि त्याच्या समक्ष जुन्या नोंदी मागवल्या. दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसच्या वेळी काटा ६१ हजारांवर होता. आज तो ३८ हजार दाखवत होता. काटा उलटा फिरवणे आता काही मिनिटांचे काम झाले आहे, आणि म्हणूनच काट्यावर विश्वास ठेवण्याचे दिवस गेले. ब्रेक-क्लचच्या पेडलवरचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड, चालकाच्या आसनाचा बसलेला कोपरा यांना खोटे बोलता येत नाही. ज्याने किलोमीटर लपवले, त्याने आणखी काय लपवले असेल याचा शोध घेत बसण्यात अर्थ नसतो. तिथून उठून यावे.

गाडी चांगली निघाली असती तरी राज्य बदलण्याचा खर्च होताच. दुसऱ्या राज्यातील गाडी आणायची तर मूळ परिवहन कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते, नव्या राज्याचा रस्ता कर पुन्हा भरावा लागतो आणि आधीच्या राज्याकडून उरलेल्या मुदतीचा परतावा मागण्यासाठी अर्ज करावा लागतो. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर नवी नोंदणी घेणे कायद्याने आवश्यक आहे. बदलीच्या नोकरीत असलेल्यांना हे पाठ असते. स्वस्त परराज्यातील गाडी पाहून भुलणाऱ्यांना ते नंतर कळते. दिल्ली परिसरात गाडी नेणाऱ्यांनी तर आणखी जपावे. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदीला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुष्टी दिली. २०२५ मध्ये त्या आदेशात बदल झाले. हिवाळ्यात प्रदूषण वाढले की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारींवरही निर्बंध येतात. सौद्याच्या दिवशीचा ताजा आदेश पाहिल्याखेरीज तिथे पैसे देऊ नयेत.

तिसरी गाडी इंदूरच्याच एका विक्रेत्याकडची. मे २०१९ ची, एक लिटरची, ५२ हजार किलोमीटर, सांगितलेली किंमत चार लाख दहा हजार.

चार लाख दहा हजार कशाचे?

हा आकडा ऐकून शिक्षकाने वही पुन्हा उघडली. जानेवारी २०१९ मध्ये हीच पिढी बाजारात आली तेव्हा सर्वांत साध्या प्रकाराची शोरूम किंमत चार लाख १९ हजार होती. सहा वर्षे वापरलेल्या गाडीला जवळपास तेवढेच पैसे मागितले जात होते. यात विक्रेत्याची लबाडी थोडी आणि बाजाराचा स्वभाव अधिक. नव्या गाडीची किंमत चढत जाते तशी जुनीही तिच्या मागोमाग चढते.

पण सप्टेंबर २०२५ मध्ये शिडी उलट फिरली. २२ सप्टेंबरपासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. नव्या वॅगनआरची सुरुवातीची किंमत पावणेसहा लाखांच्या घरातून पाच लाखांच्या आसपास उतरली. विक्रेत्याचा चार लाख दहा हजारांचा आकडा हा करकपातीपूर्वीच्या जगातला होता. जुन्या गाडीची किंमत तिने किती वर्षे काढली यावरून ठरवण्यापेक्षा, आज नवी घ्यायला किती लागतात यावरून ठरवावी. हा मुद्दा शिक्षकाने विक्रेत्यापुढे शांतपणे मांडला आणि पहिले पंचवीस हजार तिथेच कमी झाले.

मग नवीच का घेऊ नये? हा प्रश्न घरात दोन दिवस घोळला आणि तो योग्यच होता. विमा, नोंदणी धरून नवी गाडी पाच लाख साठ हजारांना पडली असती. एक लाख स्वतःचे घालून चार लाख साठ हजारांचे कर्ज, वार्षिक नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले असे धरले तर मासिक हप्ता सुमारे ७४०० रुपये. जुन्या गाडीसाठी दोन लाख साठ हजारांचे कर्ज बारा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ८६३६ रुपये. म्हणजे मोठ्या कर्जाचा हप्ता लहान! कर्जाच्या जाहिरातींत हप्ता ठळक अक्षरांत का छापतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. पहिल्या कर्जावर एकूण व्याज एक लाख ६१ हजारांच्या वर जाते, दुसऱ्यावर सुमारे ५१ हजार. शिवाय सात वर्षांचा हप्ता शिक्षकाच्या निवृत्तीच्या पलीकडे एक वर्ष जात होता. ज्या घरात दोन मिळवते आहेत आणि चार वर्षांत कर्ज फेडण्याची ऐपत आहे, त्यांनी मात्र करकपातीनंतर नव्या गाडीचाच विचार करावा. २०२५ पासून तिला सहा एअरबॅग मिळू लागल्या आहेत, हमी मिळते, आणि दीड-पावणेदोन लाखांच्या फरकात हे स्वस्त पडते. या घराची गोष्ट वेगळी होती, इतकेच.

पैसा उभा करण्याचा तिसरा मार्ग बँकेतच होता आणि तो सहसा कोणाला सुचत नाही. मुदत ठेव मोडायची नाही, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्यायचा. बऱ्याच बँका ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देतात आणि ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के अधिक व्याज आकारतात. ठेवीचा दर साडेसहा धरला तर ओव्हरड्राफ्टचा साडेसात. दोन लाख साठ हजार रुपये तीन वर्षांत समान रकमांनी फेडले तर व्याज सुमारे ३१ हजार होते. वापरलेल्या गाडीच्या कर्जापेक्षा वीस हजारांनी कमी. व्याज रोजच्या बाकीवर लागते, त्यामुळे दिवाळीचा बोनस भरला की त्याच दिवसापासून ते घटते. ठेव मोडली असती तर हव्या असलेल्या रकमेसाठी अख्खी चार लाखांची ठेव मोडावी लागली असती आणि मुदतपूर्व मोडल्याचा कमी दर सगळ्याच रकमेला लागला असता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तीन लाख साठ हजारांच्या मर्यादेतील एक लाख रुपये न उचललेले राहत होते. मध्यरात्री रुग्णालयाने अनामत मागितली तर ते हाताशी असणार होते. ज्या घरात आजारपण आहे त्या घराने गाडीत शेवटचा रुपया घालू नये.

वहीच्या शेवटच्या पानावर शिक्षकाने महिन्याचा खर्च मांडला. पाचशे किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरून साडेतीन हजार. विम्याचे साडेसातशे, दुरुस्ती-देखभालीचे हजार. वर्षाला गाडीची किंमत चाळीस हजारांनी घटेल असे मानून त्याचे सव्वातीन हजारांवर. व्याज सोडूनच हे साडेआठ हजार होतात. डायलिसिसच्या नऊ फेऱ्यांना टॅक्सीने पाच हजारही लागत नव्हते! पैशांचा निव्वळ हिशेब टॅक्सीच्या बाजूने होता आणि शिक्षकाने तो खोडला नाही. त्याच्याखाली त्याने फक्त 'पाऊण तास' असे लिहिले.

थंड इंजिन

तिसऱ्या गाडीच्या तपासणीला शाळेजवळच्या गॅरेजचा मेकॅनिक बरोबर आला. पाचशे रुपये मेहनताना. लाखांच्या सौद्यात हे पाचशे वाचवणारे लोक आहेत, हे नवल. मेकॅनिकने गाडीभोवती फेरीही न मारता आधी बोनेटवर तळहात ठेवला.

"सर, इंजिन गरम आहे. यांनी आत्ताच चालू करून ठेवलंय. उद्या सकाळी येऊ," तो म्हणाला आणि विक्रेत्याकडे वळून, "तोवर चावी लावू नका."

गरम इंजिन बहुतेक आजार झाकते. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते का, सुरू होताच धातूचा खडखडाट येतो का, सायलेन्सरमधून कोणत्या रंगाचा धूर निघतो, हे पहिल्याच मिनिटात कळते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा म्हणजे इंधन जास्त जाते आहे. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ स्वाभाविक. ती इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता धरावी. ऑइल भरण्याचे झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ साय दिसते का, हेही पाहावे. के-मालिकेच्या या इंजिनात टायमिंगसाठी पट्टा नसून साखळी आहे. त्यामुळे पहिल्या पिढीच्या गाडीत पट्टा बदलण्याचा जो ठरावीक खर्च असे तो इथे नाही. मात्र वेळेवर ऑइल न बदललेल्या गाडीत साखळीही आवाज करू लागते.

दुसऱ्या दिवशी इंजिन निर्मळ निघाले. मग मेकॅनिकने बोनेट आणि पुढच्या पत्र्याचे बोल्ट पाहिले. कारखान्यातून आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो, एकदा पाना लागला की तो उडतो. पुढचा बंपर पुन्हा रंगवलेला होता, पण आतला सांगाडा सरळ होता. बंपरवरचा ओरखडा हा शहरात राहिल्याचा पुरावा, अपघाताचा नव्हे. दारांचे रबर ओढून त्याखालची वेल्डिंगची गोल टिंबे समान अंतरावर आहेत का, हे त्याने बॅटरीच्या उजेडात पाहिले. मग दोन्ही सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढले.

सीटबेल्टची ही तपासणी पुराच्या पाण्यासाठी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठेतरी विकायला येतात, आणि अनेकदा त्या ज्या शहरात बुडाल्या तिथे येत नाहीत. आसनांची कव्हरे बदलता येतात, अत्तराने वास दडवता येतो. बेल्टच्या गुंडाळलेल्या टोकावरची मातीची रेघ मात्र बहुधा राहून जाते. आसनाखालच्या पट्ट्यांवरचा गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळही हेच सांगतो. बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते. तिच्या तारांचे जाळे वर्षानुवर्षे कुरकुरत राहते.

या गाडीत गाळ नव्हता. टायरांवर मात्र '१९१९' हा अंक होता. टायरच्या बाजूवरील या चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे टायर २०१९ च्या एकोणिसाव्या आठवड्यातले, गाडीबरोबर आलेले. चारही बदलणे भाग होते. काट्यावरचे ५२ हजार खरे असावेत, याचा हा एक उपपुरावाही होता. सेवाकेंद्राच्या नोंदींनी तो पक्का केला. त्याच नोंदींत आणखी एक ओळ शिक्षकाला हवी होती. १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या एक लिटरच्या वॅगनआर, इंधन पंपातील संभाव्य दोषामुळे, कंपनीने जुलै २०२० मध्ये तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. मे २०१९ ची ही गाडी त्यात बसत होती. पंप तपासून बदलल्याची नोंद सापडली. अशी परत बोलावणी जवळपास सर्वच कंपन्या करतात आणि दुरुस्ती विनामूल्य असते. चासी क्रमांक देऊन ती झाली की नाही हे विचारणे मात्र घेणाऱ्याचे काम.

ज्यांना सीएनजीची गाडी पाहायची आहे त्यांच्यासाठी एक पुस्ती. टाकीची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिचे प्रमाणपत्र पाहावे आणि सीएनजीची नोंद आरसीवर आहे याची खात्री करावी. बाहेरून बसवलेले आणि आरसीवर न चढलेले किट असेल तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

कागद

चार टायरांचे पंधरा हजार, बंपरचा रंग आणि करकपातीचे उरलेसुरले गणित असे सांगत सांगत सौदा तीन लाख साठ हजारांवर तुटला. रक्कम खात्यातून खात्यात दिली. रोखीचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्याला पाठ दाखवणेच बरे. वापरलेल्या गाडीवरील वस्तू व सेवा कर नोंदणीकृत विक्रेत्याला त्याच्या नफ्याच्या फरकावर भरावा लागतो. डिसेंबर २०२४ च्या बैठकीत परिषदेने तो सर्व प्रकारांसाठी १८ टक्के ठरवला. तो पूर्ण किमतीवर लावून बिल फुगवले जात असेल तर हरकत घ्यावी. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहाराला हा कर लागत नाही.

मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. 'सह्या करून ठेवा, नाव नंतर लावू' हे या व्यवसायातील सर्वांत महागडे वाक्य आहे, आणि ते विकणाऱ्यालाच अधिक महाग पडते. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की परिवहन खात्याच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल, मधल्या काळात गाडी कितीही हातांतून गेलेली असो. विकणाऱ्याने त्याच राज्यातील व्यवहार चौदा दिवसांत आणि परराज्यातील पंचेचाळीस दिवसांत कळवायचा असतो; घेणाऱ्याला तीस दिवसांची मुदत असते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनाही परिवहन खात्याचे अधिकृत प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते मागून पाहण्यात संकोच नसावा.

विम्याबाबत गैरसमज फार. त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा कायद्याने गाडीबरोबर आपोआप जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा तसा जात नाही. चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून तो आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. दावा न केल्याबद्दलची सवलत, जी पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, ती गाडीची नसून जुन्या मालकाची असते आणि त्याच्याबरोबर जाते. नव्या मालकाला तो फरक भरावा लागतो. 'विमा अजून आठ महिने आहे' असे सांगून किमतीत पाच हजार वाढवणाऱ्यांना हे ऐकवावे.

शिक्षकाने हा अर्ज नवव्या दिवशी दिला. प्रलंबित दंडाच्या नोंदींत वेगमर्यादेचे एक चलन निघाले, ते विक्रेत्याकडून भरून घेतले. आरसीवर नाव चढण्यास साडेतीन आठवडे लागले. त्या दरम्यान शेजारच्या गृहस्थांची २०१२ ची गाडी एका दुधवाल्याने नेली. वडिलांनी खिडकीतून ती जाताना पाहिली आणि चांगली गाडी होती, असे पुन्हा एकदा सांगितले.

पहिल्या डायलिसिसच्या दिवशी परतताना ते पुढच्या आसनावर बसले, पाठ टेकवली आणि डोळे मिटले. वाटेत सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच विचारले, "हॉर्न एवढा बारीक का रे हिचा?" मुलाने उत्तर दिले नाही. रुग्णालयाच्या फाटकापासून घरापर्यंत त्या दिवशी पस्तीस मिनिटे लागली.